राजा बोटीवर का चढला

“नुसतं बघून या, बाबा. नाही आवडलं तर परत या. तुम्हाला कोण अडवणार आहे?” असं सारंग म्हणाला आणि माझ्या हातातला कॉफीचा कप बशीवर जरा जोरात टेकला. थोडी कॉफी बशीत सांडली. तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये रविवारची गर्दी होती, शेजारच्या गाळ्यावर एक चिनी बाई कढईत पिठाचे लांब तुकडे सोडत होती आणि तापलेल्या पाम तेलाचा वास सगळ्या टेबलांवर बसला होता. सारंगनं कागदी रुमालानं बशी पुसली. त्याला वाटलं माझा हात थरथरला. हात थरथरला नव्हता. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं, शब्दाला शब्द, आणि ते कुठं ऐकलं ते आठवायच्या आधीच अंगातून काहीतरी सरकून गेलं. अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.

मग आठवलं. ते वाक्य एका राजाला सांगितलेलं होतं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली त्याला. आणि मला ते सांगितलं होतं टोन्येनं, माझ्याबरोबरच्या खलाशानं, जहाजाच्या मागच्या डेकवर, दोरांच्या वेटोळ्यावर बसून, जुन्या रंगाच्या डब्यात सिगारेटची राख झाडत.

सारंग तोवर पुढं बोलत होता. पुण्याजवळ ज्येष्ठांसाठी बांधलेली वसाहत आहे, नंदाच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. नंदा म्हणजे माझी मुलगी. एक महिना राहून बघायचं, पाहुण्यासारखं. बाग आहे, भजनाचा हॉल आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, डॉक्टर आवारातच. तिथं तुमची चांगली काळजी घेतील, असं तो म्हणाला. मी विचारलं, “काळजी म्हणजे नक्की काय?” तो हसला. म्हणाला, “बाबा, काळजी म्हणजे काळजी.” तांजोंग पगारच्या बँकेत दिवसभर लोकांना कलमाकलमाचा अर्थ समजावून सांगणारा माझा मुलगा. राग नाही आला. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले. त्याचं नाव मी ठेवलं. लोकांना वाटायचं, काय गाण्याबिण्याची आवड असेल. पण आमच्यात सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. मी तेव्हा साधा खलाशी होतो आणि सारंग व्हायची मला फार हौस. जयवंती, माझी बायको, म्हणायची, “अहो, तुम्ही व्हाल तेव्हा व्हाल, पोरगा तर आजच झाला.” ती गेल्यापासून घरात हुकूम त्याचाच चालतो, आणि तो ते नीट करतो. कोणाला दुखवून करत नाही.

चुका माझ्याच होत्या, हेही खरं. एकदा गॅसवर दूध ठेवून मी खाली जाऊन बसलो. एकदा एमआरटीत, इथल्या मेट्रोत, भलत्याच बाजूला बसलो आणि पाया लेबारला उतरलो, आणि तिथल्या सरकत्या जिन्यांकडे बघत बाकावर बसून राहिलो. कुठं जायचं ते आठवत होतं. उठावंसं वाटत नव्हतं. सुनेचं, अनुजाचं, ऑफिस तिथंच आहे. तीच शेवटी धापा टाकत आली. रागावली नाही. “बाबा, फोन तरी उचलायचा,” एवढंच म्हणाली, आणि माझ्या शेजारी बाकावर बसली, आणि आम्ही दोघं थोडा वेळ जिन्यांकडे बघत बसलो. तिनं माझा हात धरला होता. तिची बोटं गार होती, ऑफिसातल्या एसीनं. त्या दिवसानंतर घरात माझ्याबद्दल हळू आवाजात बोलणं सुरू झालं.

टोन्ये नायजेरियाचा, ओपोबो नावाच्या गावाचा. आमची बोट तेलाची, पण खायच्या तेलाची. इथून समोरच्या जोहोरच्या किनाऱ्यावर पाम तेल भरायचं, टाक्या गरम ठेवत न्यायचं नाहीतर ते गोठतं, आणि पार आफ्रिकेला वळसा घालून लागोसला उतरवायचं. पहिल्या फेरीला भरणी चालू असताना टोन्ये पाइपाच्या तोंडाशी उभा राहून पोटात दुखेपर्यंत हसला. मला कळेना. मग म्हणाला, हे झाड आमच्याकडचं आहे, शशी. आमच्या राजाचं सगळं राज्य ह्या तेलावर उभं होतं. गोऱ्यांची यंत्रं ह्या तेलावर चालायची, त्यांचा साबण ह्याचा व्हायचा. आता आम्ही हे तुमच्या दारातून विकत नेतो. लाल, दाट, गाजरासारखा वास येणारं ते तेल. त्याचा वास कपड्यातून कधी गेला नाही. मी सुट्टीवर गेलो की जयवंती माझे कपडे वेगळे भिजवायची आणि नाकाला पदर लावायची.

त्या राजाचं नाव जाजा. लहानपणी त्याला विकलेलं होतं. गुलाम म्हणून होड्या वल्हवत वाढला, व्यापार शिकला, घराण्याचा मुख्य झाला, आणि जुन्या गावाशी भांडण झालं तेव्हा आपली माणसं घेऊन दुसऱ्या नदीच्या तोंडाशी गेला आणि नवं गाव वसवून बसला. वरच्या जंगलातलं सगळं तेल त्या नदीतून खाली यायचं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी खाली समुद्राशी थांबायचं, वर जायचं नाही, हा त्याचा नियम. पुढं तो आपलं तेल स्वतःच थेट विलायतेला धाडायला लागला. टोन्येला त्यातला एक भाग फार आवडायचा आणि तो पुन्हा पुन्हा सांगायचा. इंग्रजांनी करारावर सही मागितली, की राणी तुमचं संरक्षण करील. राजानं सही केली नाही. आधी विचारलं, संरक्षण म्हणजे काय ते मला सांगा. उत्तर आलं, राणीला तुमची जमीन नको, तुमचे बाजार नकोत. फक्त दुसऱ्या कोणी ते घेऊ नयेत एवढीच तिला काळजी. मग त्यानं व्यापार खुला करायचं कलम खोडून घेतलं आणि सही केली. टोन्ये इथपर्यंत आला की बोट वर करायचा. बघ, म्हणायचा, विकलेलं पोर, पण सही करायच्या आधी विचारलं.

मला स्वतःला तेव्हा वाचता येत नव्हतं. आमच्या जयगडच्या बाजूला माझ्या वयाची पोरं शाळेत गेली ती जाळी सुकवायच्या दिवसांत, आणि मी तेवढीही गेलो नाही. जयवंतीची पत्रं दुसरा कोणीतरी मला वाचून दाखवायचा. ती हे ओळखून लिहायची, त्यामुळे पत्रात सगळ्यांची खुशाली असायची आणि तिचं स्वतःचं काही नसायचं. लग्नाला काही वर्षं झाली होती, सारंग चालायला लागला होता, तेव्हा एका सुट्टीत मी तिला म्हटलं, मला शिकव. तिनं ओट्यावर पीठ पसरलं आणि बोटानं अ काढला. त्यानंतरच्या पत्रात तिनं दोन ओळी अशा लिहिल्या की त्या मी कोणाला वाचायला दिल्या नसत्या. वाचता यायला लागल्यावर माणसाला एकांत मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

तर राजा. अठरा-एक वर्षं त्यानं राज्य केलं आणि त्यातला एकही दिवस निवांत गेला नसेल. एका व्यापाऱ्याला नाही म्हटलं की दुसरा यायचा. एक अधिकारी बदलून जायचा, नवा यायचा, पुन्हा तेच विचारायचा. त्यानं आपली माणसं थेट लंडनला पाठवली होती, दाद मागायला. शेवटी तोफांची बोट नदीच्या तोंडाशी येऊन नांगरली आणि तिच्यावरून निरोप आला की बोलायला या. राजा म्हणाला, मग तुमचा एक माणूस आमच्याकडे किनाऱ्यावर ठेवा. ते म्हणाले, त्याची गरज नाही, आम्ही शब्द देतो. नुसतं ऐकून घ्या. पटलं नाही तर परत जा. तुम्हाला कोणी अडवणार नाही. राजा आपल्या होडीतून गेला. होडी वल्हवणाऱ्यांत टोन्येचा खापरपणजा होता. राजा शिडीवरून वर गेला आणि हे लोक बोटीच्या अंगाला लोंबणारा दोर धरून खाली थांबले. भरती गेली, ओहोटी लागली, होडी ओढायला लागली, दोर हातातून सुटू नये म्हणून त्यांनी हात बदलले. वरून कोणीतरी ओरडून सांगितलं, जा घरी. पण राजानं सांगितलं नव्हतं, मग कसे जाणार? मग बोटीच्या धुराड्यातून धूर यायला लागला. ते नदीच्या तोंडापर्यंत वल्हवत मागून गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे वेगळं लिहिलेलं असेल, वल्हवणाऱ्यांचं तर काहीच नसेल. टोन्येच्या घरात असं सांगत. राजाला पार समुद्रापलीकडच्या बेटांवर ठेवलं. चार वर्षांनी परत जायची परवानगी मिळाली आणि परत येताना वाटेतल्या एका बेटावर तो मेला. आलं ते प्रेत.

टोन्येच्या घरी तेव्हापासून रीत पडली होती. घरातलं कोणी बोटीवर गेलं की वल्हं भिंतीला उभं करायचं नाही. ते उंबऱ्याशी आडवं ठेवायचं, खबर येईपर्यंत. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की मागं घर झाडत नाहीत. तो पोचल्याचं कळेपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही, कारण माणूस बाहेर पडल्याबरोबर घर झाडतात ते फक्त मयत नेल्यावर. मी जहाजावर चढल्याची तार येईपर्यंत माझी बायको केरात बसते आणि शेजारणी तिला हसतात. टोन्ये खूप हसला. म्हणाला, तुझी बायको ओपोबोची आहे, तिला विचारून बघ.

राजा बोटीवर का चढला, ह्यावर आमच्या बोटीवर वाद व्हायचा. जेवणं झाली की कोणीतरी काडी टाकायचा. गोव्याचा आचारी म्हणायचा, तोफांना भिऊन. गाव जाळलं असतं त्याचं. एक फिलिपिनो होता, तो म्हणायचा, तो लोभी होता, त्याला वाटलं आणखी सवलत मिळेल. टोन्ये म्हणायचा, शब्दावर विश्वास ठेवून. राजाच्या मुलखात शब्द म्हणजे शब्द होता. मला कोणी विचारलं तर मी म्हणायचो, मला काय माहीत. खरंच मला माहीत नव्हतं. शिडीवर पहारा करायचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. किनाऱ्यावरून चढणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल शिडीवर पडतं तेव्हा शिडी थोडी खाली जाते आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येतं. तो लगेच हसतो आणि दोर धरतो. पण ते येऊन गेलेलं असतं. राजाच्या चेहऱ्यावर काय आलं असेल, असं मी पहाऱ्यावर उभा असताना मनात आणायचो. विचार तिथंच थांबायचा.

आता मला उत्तर माहीत आहे. ते कळायला त्याच्या वयाहून मोठं व्हावं लागलं. तो दमला होता. त्याला सगळं माहीत होतं. बोट कशाला आलीय, शब्द किती टिकणार, होडीतली माणसं रिकामी परत जाणार, सगळं. पण रोज सकाळी उठून नाही म्हणायचं, तेही गोड बोलणाऱ्याला, तेही आपल्या भल्याचं सांगणाऱ्याला, ह्याला किती ताकद लागते ते ज्याला रोज नाही म्हणावं लागतं त्यालाच कळतं. एके दिवशी माणूस उठतो आणि म्हणतो, बरं, येतो.

मीही तसंच म्हटलं. त्या रविवारनंतर रोज काही ना काही व्हायचं. सारंग बोलला नाही त्या दिवशी अनुजा फोनवर तिथल्या बागेचे व्हिडिओ दाखवायची. म्हातारे लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. ती गप्प राहिली तर नंदाचा व्हिडिओ कॉल, ती रडायची, की बाबा, मला तुमच्याजवळ राहायला कधी मिळणार. नात क्षिप्रा अभ्यासातून मान वर न करता म्हणायची, “आजोबा, जस्ट गो अँड सी लाह. नॉट लाइक यू कान्ट कम बॅक.” कोणी खोटं बोलत नव्हतं. मी आधी थट्टेवारी नेलं, मग ऐकू येत नाही असं दाखवलं. फक्त एक गोष्ट मी सारंगला सरळ विचारली होती. माझा ह्या देशात राहायचा सरकारी पास मी तिकडे असतानाच संपणार होता. तो संपून नवा नसला, की मग पाहुणा म्हणून यायचं आणि पाहुणा म्हणून जायचं. मी विचारलं, पास वाढवायला टाकलास का? तो म्हणाला, “ते तुम्ही आल्यावर बघू ना, बाबा.” आणि मी पुढं बोललो नाही. तो राजा असता तर त्यानं कलम खोडून घेतलं असतं. मी म्हटलं, बरं, जातो एक महिना.

त्या रात्री घर कसं हलकं झालं. अनुजानं सोलकढी केली, सारंगनं माझ्या पाठीवर हात ठेवला, क्षिप्रा जेवायला टेबलाशी बसली, हातात फोन नव्हता. सगळे जोरात बोलत होते. आणि मलाही हलकं वाटत होतं, तेच मला नको होतं. लांबच्या फेरीनंतर नांगर पडतो आणि इंजिन बंद होतं तेव्हा कानात जी पोकळी होते, तशी पोकळी झाली होती आणि मला तिच्यात झोपावंसं वाटत होतं. जयवंती ह्याच समुद्रात आहे. ह्या घरात, माझ्या खोलीत ती गेली. तिला मंडाईच्या दहनगृहात नेलं, पुण्यात मंडईतून भाजी आणत वाढलेल्या अनुजाला त्या नावाचा अजून त्रास होतो, आणि दुसऱ्या दिवशी चांगीच्या बाजूनं होडी घेऊन आम्ही तिची रक्षा पाण्यात सोडली. तिला बाहेर काढल्यावर शेजारच्या बाईंनी झाडू हातात घेतला आणि खोली कोपऱ्यांसकट झाडली, उंबऱ्यापर्यंत. मी ऐकत होतो. तो आवाज माझ्या लक्षात राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं. मी आयुष्यभर तिला ठेवून समुद्रावर गेलो. आता ती समुद्रात आणि मी डोंगराजवळच्या बागेत टाळ्या वाजवत. पण हेही मी कोणाला बोललो नाही. बोलायला उभं राहावं लागतं.

निघायच्या सकाळी अनुजानं माझ्या उजव्या हातावर दही घातलं. तिला सगळं आठवतं; तिच्या आईनं शिकवलेलं ती इथंही सोडत नाही. मी ते चाटलं, हात धोतराला पुसायची जुनी सवय, पँटला पुसला. तिनं वाकून नमस्कार केला. म्हणाली, “पोचलात की लगेच फोन करा बाबा, मी वाट बघते.” आणि मग हळूच, जरा हसून, “तोवर केर नाही काढणार.” जयवंतीनं तिला सांगितलं असणार. क्षिप्रा शाळेत गेली होती. सारंगनं बॅग उचलली आणि आम्ही लिफ्टनं खाली आलो. टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर मलाय म्हातारा होता, त्यानं दार उघडून धरलं आणि म्हणाला, “कम, अंकल, स्लोली.” मी एक पाय आत टाकला. गाडी माझ्या वजनानं जरा खाली गेली. तेवढंच. माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते सारंगनं पाहिलं की नाही माहीत नाही, तो बॅग मागं ठेवत होता. मी पाय परत काढला आणि म्हटलं, वाचायचा चष्मा राहिला. तो म्हणाला मी आणतो. मी म्हटलं, तुला सापडायचा नाही. चष्मा खरंच राहिला होता. तो उशीशी होता, जिथं रोज असतो.

वर आलो. जाळीचं दार ओढून घेतलेलं होतं, माझ्याजवळ किल्ली होती. आत शिरलो तर अनुजाच्या खोलीतून तिचा ऑफिसचा आवाज येत होता, इंग्रजीत, कुठलीशी मीटिंग. आणि माझ्या खोलीतून घरघर. आमच्याकडे केर काढायचं एक यंत्र आहे, गोल, ताटाएवढं. ठरलेल्या वेळी आपणच उठतं आणि सगळ्या घरातून फिरतं. क्षिप्रा त्याला मावशी म्हणते. एरवी त्या वेळी मी खोलीत असतो म्हणून माझं दार बंद असतं आणि मावशी दाराला टक्कर देऊन परत जाते. आज दार उघडं होतं. ते यंत्र माझ्या पलंगाखालून बाहेर आलं, भिंतीच्या कडेनं सरळ गेलं, कोपऱ्यात त्याचा छोटा झाडू गरगर फिरला, आणि ते उंबऱ्याकडे यायला लागलं. मी चप्पल घालूनच उभा होतो. खोलीतलं माझं काही फारसं उरलेलं नव्हतं. पलंग, खुर्ची, खिडकीत सुकलेली तुळस. जमिनीवर एका बाजूला ती चकचकीत रेघ आणि दुसऱ्या बाजूला कालचा केर, माझा एक पांढरा केस, बिस्किटाचा चुरा. यंत्र माझ्या पायाशी आलं, पायाला लागलं, थांबलं. मागं गेलं. वळलं, पुन्हा आलं, पुन्हा लागलं. त्याला कळत नव्हतं की हे काय मध्ये आहे. मी हललो नाही. मला जयवंती केरात बसलेली दिसली, पदरानं तोंड पुसत, तारेची वाट बघत. ते होडीतले लोक दिसले, हात बदलत, दोर धरून. त्यांना कोणी सांगितलं होतं थांबायला? राजा दमला असेल. पण खाली दोर धरलेला होता तोवर तो गेलेला नव्हता.

अनुजा दारात आली. कानातला इअरफोन काढून हातात धरलेला होता. तिनं मला पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तिचा हात तोंडाशी गेला.

“बाबा, मी टायमर बंद करायला विसरले,” ती म्हणाली. “मी खरंच काढणार नव्हते केर. मी... हे आपलं आपण चालू होतं.”

“अगं, त्याला काय कळतंय,” मी म्हटलं. यंत्र पुन्हा माझ्या पायाला लागलं. मी खाली वाकू शकलो असतो. वाकलो नाही. “अनुजा, माझा पास वाढवायला टाकलाय का?”

ती यंत्राकडे बघत राहिली. एसीच्या गार खोलीतून आलेली ती, आणि तरी तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. आत तिच्या मीटिंगमधून कोणीतरी तिचं नाव घेऊन विचारत होतं, आर यू देअर, आर यू देअर.

“नाही,” ती म्हणाली. “टाकला नाही. टाकायचा नाही असंच ठरलं होतं.”

कोणी ठरवलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला ते सांगायला किती जड गेलं ते तिच्या खांद्यावरून दिसत होतं. इतक्या दिवसांत ह्या घरात माझ्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. मला तिचे उपकार वाटले.

“मग सारंगला सांग,” मी म्हटलं, “टॅक्सी सोडून दे म्हणावं. आधी पास. मग बघून येईन, बाग कशी आहे ती.”

वाकून तिनं यंत्राचं बटण दाबलं. घरघर थांबली आणि खालून, ब्लॉकच्या आवारातून, हॉकर सेंटरच्या भांड्यांचा आवाज वर आला, आणि तेलाचा वास. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. सारंगच होता. ती म्हणाली, “वर ये. नाही, सापडलाय चष्मा. बाबा येत नाहीयेत.” मग बराच वेळ ती ऐकत राहिली. डोळे मिटलेले होते. “तू वर ये,” पुन्हा म्हणाली.

तो वर येईल. चिडणार नाही, तेच अवघड आहे. समोर बसेल, कपाळ चोळेल, हळू आवाजात बोलेल आणि त्याचं बरंचसं बरोबर असेल. दूध खरंच उतू गेलं होतं. मी पाया लेबारच्या बाकावर खरंच बसून राहिलो होतो. आज नाही म्हटलं, उद्या पुन्हा म्हणावं लागेल, परवा पुन्हा. बोट नदीच्या तोंडाशी नांगरलेली आहे, ती काही परत जात नाही.

लिफ्ट वर येत असल्याचा आवाज आला. मी उशीजवळचा चष्मा घेतला, खिशात घातला. खोली अर्धी झाडलेली होती, अर्धी तशीच. मी खुर्ची ओढून न झाडलेल्या बाजूला नेली आणि तिच्यात बसलो.